उघाडीवरची सातवी पाळी

“वयनी, जिताडा काय चुलीवरचं दूध हाय, राखत बसलं की हाती लागायला?” आमच्या ओटीच्या पायरीवर एक पाय ठेवून काथोर हसत म्हणाला. “रात्रीचा बांध, गुडघाभर चिखल, लव्हाळ्यात जनावरं. तुमी आपल्या करंज्या तळा. यंदा उघाडी मी धरतो.”

काथोर म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन चिंबखारला आले तेव्हा हा नाक ओढत माझ्या पदराला लोंबायचा. आता वेगळं घर होतं आणि मिशा आल्या होत्या, तेवढाच फरक.

“करंज्या तळते की,” मी म्हटलं. “पहिली तुझ्या तोंडात कोंबते आनि मग जाते बांधावर. तेवढा वेळ तरी गप ऱ्हाशील.”

आत खाटेवर हे पडले होते. सगळं ऐकत होते, पण हूं की चूं केलं नाही. श्रावणात कौलं चाळायला चढले आणि वरून आले ते थेट कमरेवर. वैद्य झाला, तालुक्याचा दवाखाना झाला. डाक्तर म्हणाला, बसता येईल, पुढंमागं काठीवर चार पावलं टाकता येतील, पण बांधावरनं चालणं विसरा. त्या दिवसापासून ह्यांनी जे भिंतीकडे तोंड केलं, ते केलं.

चाळीस वर्षं झाली ह्या गोष्टीला. मी तेव्हा तिशीत होते. माझ्या नातसुनांना वाटतं, म्हातारी हातात दोरी घेऊनच जन्माला आली. आली नव्हती. त्या दिवाळीआधी मी गळाला कोळंबीसुद्धा लावली नव्हती.

ज्यांनी खारेपाट पाहिलेला नाही त्यांना आधी उघाडी सांगायला हवी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. त्या बांधात एका जागी दगडी कट्टा बांधून लाकडी दारं बसवलेली असतात, तीच उघाडी. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून दारं दाबून धरतं, म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला खाडी खाली गेली की शेतातलं गोडं पाणी आतून दारं ढकलतं आणि बाहेर पडतं. कोणी हात लावायचा नसतो, दारं आपली आपण उघडतात. आश्विनात भात पिवळं पडलं की खाचरांत अडवलेलं पाणी उघाडीकडे सोडून देतात. त्या पाण्याबरोबर कोळंबी, बोयटं, नाही नाही ती बारीक मासळी बाहेर येते, आणि ती गिळायला जिताडा, खाडीतला थोराड मासा, उघाडीच्या तोंडाशी येतो. एरवी तो डोहात बसलेला असतो, नजरेस पडत नाही. वर्षातले हेच काय ते पंधरा दिवस.

आमच्या गावची रीतही ह्याच पंधरा दिवसांवर बांधलेली होती. देवीच्या देवळात दोन हात लांबीचा एक सागाचा पाट आहे. कोजागिरीपासून नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत ज्या घराला उघाडीवर मोठा जिताडा मिळेल त्यानं तो त्या पाटावर ठेवायचा. तोंड एका कडेला लावलं की शेपूट दुसऱ्या कडेबाहेर गेलं पाहिजे. असा मासा आणणाऱ्या घराची उघाडी, म्हणजे तिथली सगळी मासळी, होळीपर्यंत. कोणाचंच शेपूट बाहेर गेलं नाही तर ज्याचा मासा त्यातल्या त्यात मोठा, त्याची. अकरा वर्षं उघाडी आमच्या घरात होती. आमची जमीन म्हणजे बैल वळवला की संपायची. हिवाळाभर आमची चूल पेटायची ती उघाडीच्या मासळीवर, आणि घरात दोन लेकी होत्या.

तेव्हा मी सोडणार नव्हते. काथोर गेला तशी पदर खोचून मी पाटलाच्या अंगणात गेले. दसऱ्याचं सोनं वाटायला सगळं गाव तिथंच जमलं होतं.

“बाईमानूस रात्री उघाडीवर बसल्याचं मी तरी आयकलं नाय,” पाटील म्हणाले.

“बसू नये असा नियम आयकलाय का?”

पाटलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. “तसा नियम नाय.”

“मग झालं. आनि सांगून ठेवते, आमच्या ह्यांच्यासारखी रेंगाळत नाय जायची मी. भरती उतरायच्या आत कट्ट्यावर असेन. अकरा वर्षं ह्यांना खाटेवरनं उठवता उठवता माझा घसा बसला.”

माणसं हसली. मलाही बरं वाटलं. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं आणि माझा आवाज काही लपून राहणारा नव्हता, हे तेव्हा मनातही आलं नाही.

पण खोटं काय बोलले होते? दर वर्षी ह्या दिवसांत तेच. भरती उतरायला लागायची, काथोर कधीचा बांधाकडे गेलेला असायचा, आणि हे ओटीवर विडी ओढत बसलेले. मी म्हणायची, “उठा की, पानी चाललं!” हे म्हणायचे, “जातो गो.” आणि दुसरी विडी पेटवायचे. मग कधीतरी जायचे आणि पाटाएवढा मासा घेऊन यायचे. मी चार बायकांत सांगायची, देव भोळा म्हणून ह्या माणसाला जिताडा मिळतो, नाहीतर बेडूक नसता लागला हाताला.

शाळेत मी दुसरीपर्यंत. बाकीचे पाढे वाऱ्यावर गेले, पाऊणकी तेवढी राहिली, कारण ती माझ्या बापानं खाडीच्या काठावर बसवून माझ्याकडून घोकून घेतली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला पुरी भरती. आमची उघाडी खाडीच्या पार टोकाला, तिथं पाणी पाऊण तास उशिरा पोचतं, तो वर मिळवायचा. घरात माझ्या भावानं दिलेलं गजराचं घड्याळ होतं. पाऊणकी आणि घड्याळ. ह्याहून जास्त काय लागतं, असं मला वाटत होतं.

उघाडी मागणारी घरं यंदा दोनच, तेव्हा पाटलांनी पाळ्या लावून दिल्या. एक रात्र आमची, एक काथोरची. कोजागिरीच्या दुसऱ्या रात्रीपासून तेरसेपर्यंत तेरा रात्री होत होत्या. उघाडी आमच्याकडे, म्हणून सुरुवात आमची आणि शेवटही आमचा. सात पाळ्या मला, सहा त्याला. ज्याची पाळी नसेल त्यानं साक्षीला लांब बांधावर बसायचं. आणि एक गोष्ट पाटलांनी दोनदा बजावली: पाळी नसलेल्या घराचा हात दोरीला लागला की मासा बाद.

माझ्या पहिल्या सहा पाळ्यांचं काय सांगू! पाण्याची वेळ रोज पुढं सरकायची, तशी मी सरकत गेले. कधी तिन्हीसांजेला, कधी उजाडता उजाडता. दर वेळी दारं उघडायच्या कितीतरी आधी मी कट्ट्यावर हजर. कंदील शेजारी, गळाला जिवंत कोळंबी, दोरी बोटाला गुंडाळलेली. पाय आखडायचे म्हणून उठायची, बसायची, डास मारायची. दारं उघडली रे उघडली की गळ पाण्यात. लागले काय? शिंगाट्या. बोटाएवढी बोयटं. एकदा एक खेकडा वर आला आणि माझ्याकडे बघून आपण होऊन परत गेला.

“वयनी, त्यालाबी दया आली,” बांधावरनं काथोर ओरडला.

त्याला पाचव्या पाळीला जिताडा लागला. पाटावर ठेवला तर चार बोटं कमी पडला. पण माझ्याकडे तेवढाही नव्हता. मी रिकामी राहिले की उघाडी त्याची, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

दर खेपेला मी घरी यायची तेव्हा हे जागे असायचे. मला कळायचं. पण विचारायचे नाहीत आणि मीही सांगायची नाही. मी पाय धुऊन आडवी व्हायची. आमच्यात त्या पंधरवड्यात ‘पेज घ्या’ आणि ‘ठेव’ यापलीकडे शब्द झाला नाही.

धनतेरसेच्या दुपारी काथोर फराळाचं ताट घेऊन आला. वाईट नव्हता हो तो. भावाच्या खाटेशी बसला, त्याचे पाय दाबले. मग म्हणाला, “दादा, उगाच वयनीला का दमवतोस? आजची पाळी सोडा म्हनावं. उद्या पहाटे माझाच मासा मोठा ठरनार. मी काय तुमाला उपाशी ठेवीन का? पाठवीन की रोज वाटीभर कालवन.”

हे भिंतीकडे तोंड करून गप्प.

“तुझ्या नावानं उघाडी अजून किती वर्सं धरायची, दादा?” काथोर अगदी मायेनं म्हणाला. “वाईट नको वाटून घेऊ, पन तू आता गेल्यातच जमा.”

मी चुलीपाशी होते. हातातला झारा घेऊनच बाहेर आले. “गेल्यात जमा असते तर तू फराळ आनला नसतास काथोर, पिंड आनला असतास आनि कावळ्याची वाट बघत अंगनात बसला असतास. ऊठ. ताट ने. वाटीभर कालवन पाठवनाऱ्याची तोंडं मी खूप बघितलीत.”

काथोर उठला. जाताना चकली मात्र एक उचलून गेला.

तिन्हीसांजेला मी उंबऱ्यावर पणती लावली, मुलींना जेवायला घालून निजवलं आणि बोटांवर हिशेब केला. तेर पाऊणे पावणेदहा. वर पाऊण तास. साडेदहाला उघाडीवर पुरी भरती. नऊ वाजता मी कासोटा घातला, दोरी खांद्यावर टाकली, कोळंबीची हंडी घेतली आणि कंदील उचलला. ही शेवटची पाळी होती. ह्या वेळी तर मी आणखीच लवकर जाऊन बसणार होते.

“चांगुणा,” हे म्हणाले.

श्रावणापासून पहिल्यांदा माझं नाव घेतलं. मी थांबले.

“जरा पेज गरम कर.”

“आता? भाताचा अख्खा टोप संपवलात की मघाशी.”

“भूक लागली.”

मी चूल पुन्हा पेटवली. पेज दिली. एक एक घोट असा घेत होते, जणू कोणी तोलून देतंय. संपली तर म्हणाले, “कंबर ठनकते. तेल लाव.”

“येऊन लावते.”

“आता ठनकते.”

लावलं तेल. दात-ओठ खाऊन लावलं. घड्याळात साडेदहा झाले. तिकडे भरती पुरी झाली असणार, काथोर बांधावर बसून माझी वाट बघून हसत असणार. मी हात पुसून उठले तर, “कुशीवर वळव.” वळवलं. “नको, परत उताना कर.” केलं. “उशी वर घे.” घेतली.

“तुमाला काय झालंय आज?” मी म्हटलं. “पंधरा दिवस मुक्यासारखे पडलात, आनि नेमकी शेवटच्या पाळीला वाचा फुटली? भावाला उघाडी द्यायची ठरवलीये का?”

“बस जरा. पाऊनकी म्हन बघू.”

“काय?”

“तुझी पाऊनकी. लय दिसांत आयकली नाय.”

मला रडू यायचं ते राग आला, आणि राग आला की मला मोठ्यानं बोलता येतं. “एक पाऊणे पाऊण, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन…” मी त्यांच्या तोंडावर फेकत गेले. विसापर्यंत गेले. “परत,” हे म्हणाले. मी परत म्हटली. घड्याळात बारा वाजून गेले. मी दाराकडे निघाले की हे विव्हळायचे, आणि तो आवाज ऐकून माझे पाय थांबायचे. खोटा होता की खरा, मला आजही सांगता येणार नाही.

मग एकदम त्यांनी हात वर केला. मी चौदा पाऊणेला होते. “गप,” म्हणाले. मान जरा वळवली, भिंतीकडे नाही, दाराकडे. कितीतरी वेळ तसेच पडून राहिले. मी उभी. बाहेर किडे ओरडत होते, बाकी मला काही ऐकू येत नव्हतं. एवढ्यात जाईन म्हटलं तर परत हात वर.

एक वाजून गेल्यावर म्हणाले, “जा आता.”

“आता काय राख भरायला जाऊ?”

“जा. आनि कंदील ऱ्हाऊ दे इथं. काळोखाचं भ्या वाटतंय मला.”

काळोखाचं भय! ज्या माणसानं उभा जन्म रात्री खाडीवर घालवला त्याला! मी कंदील त्यांच्या खाटेखाली आदळला, दोरी आणि हंडी घेतली आणि निघाले. सगळ्या वाटेनं मी त्यांना काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

काळोख म्हणजे तेरसेचा, चंद्राचा पत्ता नव्हता. हातातलं हंडीचं तोंड दिसत नव्हतं. कंदील नाही म्हणून पाऊल जपून टाकावं लागत होतं, बोटांनी आधी बांध चाचपून मग टाच. काथोर नेहमीच्या जागी घोंगडी पांघरून बसला होता, आणि वाट बघून बघून बसल्या बसल्या घोरत होता. त्याच्या शेजारी त्याचा कंदील वात खाली करून ठेवलेला. मी त्याला उठवलं नाही. शेवटची पाळी वाया गेली हे बघायला कशाला हवा साक्षीदार?

उघाडी कधीच उघडली होती. कट्ट्यावर मी पोटावर आडवी झाले, कारण उभं राहायला पायाखालचं दिसत नव्हतं. तोवर डोळे काळोखाला सरावले होते. खाली बघितलं आणि तशीच राहिले.

रोज मी इथं पाणी बघायची ते ताकासारखं गढूळ, कुजक्या पेंढ्याचा वास येणारं, भसाभस कोसळणारं. आत्ता ते काळं, निवळ, आवाज न करता सरकत होतं. आणि कट्ट्याच्या सावलीला, हात घातला तर लागतील इतकी जवळ, बोयटांची रांग लागली होती. चांदण्यांच्या उजेडात त्यांची पाठ तेवढी चकाकायची. एकदम ती रांग फुटली. आतून कोणीतरी ‘चॉप्प’ असा आवाज केला, मोठ्या माणसानं ओठ मिटून सोडावेत तसा. अकरा वर्षांत हे घरी आले की तो आवाज तोंडानं करून मुलींना हसवायचे. मला वाटायचं, पोरींसाठी कायतरी सोंग.

मी श्वाससुद्धा न घेता गळ सोडला.

कोळंबी पाण्यात बुडाली न बुडाली तोच दोरी माझ्या हातातून निघाली. निघाली म्हणजे कातडी घेऊनच निघाली. मी धडपडत उठले, पाय कट्ट्याच्या दगडाला अडकवले आणि मागं पडले. बाहेर काळोखात तो पाण्यातून वर आला, पडला, आणि सगळी खाडी जागी झाली.

काथोर ओरडत उठला. “कोन? कोन हाय?”

“तुझी वयनी! लांब ऱ्हा!”

तो कंदील घेऊन धावत आला आणि उजेडात त्यानं ते बघितलं: पाण्यात दोन लाल निखारे. जिताड्याचे डोळे उजेडात तसे दिसतात. मासा उघाडीच्या दगडाकडे वळला, दोरी कट्ट्याच्या कडेवर घासायला लागली.

“वयनी, दगडाला तुटंल! द्या इकडं, द्या!”

त्याचा हात पुढं आला. आजही मला ठरवता येत नाही, तो हात मदतीचा होता की बाद करणारा. मला वाटतं, त्यालाही ठाऊक नसावं. समोर एवढा मासा असला की खाडीवरच्या माणसाचा हात आपोआप पुढं जातो.

“हात लावलास तर खाडीत ढकलीन तुला!” मी म्हटलं. “तुझं नाक पुसलंय ह्या हातांनी, विसरू नको!”

तो थबकला. मी कट्ट्यावरून खाली चिखलात उडी टाकली, मांडीपर्यंत रुतले, पण दोरी दगडावरनं सुटली. मग जे काही होतं ते त्याच्या आणि माझ्या जोराचं होतं. तो ओढायचा, मी द्यायची. तो थांबायचा, मी घ्यायची. कोणी शिकवलं नव्हतं. दोन मुली मांडीवर मोठ्या केल्या होत्या. हट्ट कधी चालवून घ्यायचा आणि कधी नाही, एवढं कळत होतं. किती वेळ गेला देव जाणे. दोरी काळी पडली होती, ती रक्तानं, हे मला नंतर कळलं.

“डावीकडं, वयनी,” मधेच काथोर हळूच म्हणाला. त्यानं कंदील उंच धरला होता, दोन्ही हातांनी, दोरीपासून लांब. “डावीकडं चिखल मऊ हाय. तिकडं घ्या.”

कंदील धरायला नियमाची आडकाठी नव्हती. मी डावीकडं घेतला. शेवटी तो माझ्या गुडघ्यांशी आला, कुशीवर पडला, आणि मी त्याच्यावर आडवी पडले, लेकराला कुशीत घेते तशी. त्याच्या गालफडाच्या धारेनं दंड फाडला तरी सोडला नाही.

देवळात अजून आंघोळीआधीचा काळोख होता. माणसं तेल-उटणं लावून आली होती, पोरं फटाके फोडत होती. मी चिखलानं माखलेली, खांद्यावर मासा, आणि मागं कंदील धरून काथोर. पाटलांनी पाट घेतला. तोंड एका कडेला लावलं. शेपूट दुसऱ्या कडेवरनं खाली लोंबलं, वीतभर.

“साक्ष?” पाटलांनी काथोरला विचारलं. “कोनाचा हात लागला?”

त्यानं कंदील खाली ठेवला. एक शब्द त्याच्या तोंडात होता आणि होळीपर्यंतची उघाडी त्या शब्दावर होती.

“माझा नाय लागला,” तो म्हणाला. “लावू दिलाच नाय वयनीनं.”

घरी आले तेव्हा हे उशीला टेकून बसले होते. कोणी बसवलं नव्हतं. कपाळावर घाम होता.

“कवा लागला?” एवढंच विचारलं.

“गढूळ पानी सरल्यावर. बोयटं काठाला लागली होती.”

“हां.” मान हलवली. “हात बघू.”

मी हात पुढं केले. त्यांनी माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि बोटं एक एक करून बांधायला घेतली.

“तुमाला इथं आयकू येतं?” मी विचारलं.

“दारं उघडतात ती धप् करून. मग पानी भसाभसा पडतं, त्यात सगळी घान. जिताडा तवा लांब डोहात उभा असतो, कट्ट्यावर कोन हाय नाय ते बघत. हललेला मानूस दिसला, उजेड दिसला, की येत नाय. घान सरली की आवाज बारीक व्हतो. तवा निघायचं.”

“म्हंजे अकरा वर्षं ओटीवर विड्या ओढत…”

“हां.”

“मग सांगायला काय झालतं? गावभर आळशी म्हनत फिरले मी तुमाला!”

“तू इचारलंस कवा? तू सांगायचीस.” गाठ मारली. “आनि सांगितलं असतं तर आयकलं असतंस?”

खरं बोलायचं तर नसतं ऐकलं. पण ते मी कबूल केलं नाही. म्हटलं, “मग ह्या सहा पाळ्या? मी रिकामी येत होते, तुमी जागे असायचात. तवा का नाय थांबवलंत?”

ते छपराकडे बघत राहिले. तीच कौलं, जिथून पडले होते.

“वाटायचं, रिकामीच यावीस,” म्हणाले. “तुला मिळाला तर मग माझं काय ऱ्हायलं?”

बाहेर कोणाच्या तरी अंगणात फटाक्यांची माळ लागली. ती संपेपर्यंत मी बसून राहिले.

“मग काल रात्री?” शेवटी विचारलं.

“काथोरला तू ते कावळ्याचं बोललीस ना,” ते म्हणाले, “तवा हसू आलं मला. श्रावणापासनं पैल्यांदा. तोंड भिंतीकडं व्हतं म्हनून तुला दिसलं नाय. म्हटलं, एवढी जीभ असलेली बाई हरली तर घरात ऱ्हायचं कसं आपन?”

पाणी तापवून मी त्यांना अभ्यंगस्नान घातलं, बांधलेल्या हातांनी. मग दुपारपर्यंत ते झोपले. मुली त्यांच्या उशाशी फटाक्यांचे कागद जमवत होत्या तरी जाग आली नाही.

उघाडी आमची झाली, पण मला ती येत नव्हती. एक रात्र त्यांनी रोखून धरलं म्हणून जमलं होतं. रोज रोज कोण पेज पीत बसणार? अमावस्येच्या रात्री मुली निजल्यावर मी दिवा मालवला आणि त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले.

“काय गो?”

“मला आयकायला शिकवा.”

त्यांनी उशी सरकवून मान दाराकडे वळवली. मग म्हणाले, “त्याला गप बसावं लागतं.”

“बसते.”

बसले. दीड वाजून गेला असेल. किडे, कुत्रं, लांब कोणाची तरी खोकल्याची उबळ.

“आयकलंस?” त्यांनी विचारलं.

“नाय.”

“आता?”

“नाय.”

“श्वास जरा हळू घे,” ते म्हणाले.

मी घेतला.